एका अंगणात एकच गाडी

सोमवार, जून महिन्यातला दुसरा. पाळणाघराचा पहिला दिवस. हजर: मुलं सात, त्यांपैकी रडणारी तीन. मी. मदतनीस, गुढ़ियारीहून सायकलवर येणारी, जिला मुलं दुपारपर्यंत दाई म्हणू लागली; छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. घरमालक. घरमालकांचा कुत्रा, नाव टीटी. घरमालकांची मांजर, नाव पार्सल, दुधाच्या वेळेपुरती. गैरहजर कोणी नाही.

हजेरी मी मुलांपुरतीच लिहिली होती. पुढची सगळी भर घरमालकांनी माझ्या खांद्यावरून वाकून घालायला लावली. घरात जे जे श्वास घेतं ते ते हजेरीत यायलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"गाडीत किती जीव हायेत हे ज्याले ठाऊक नाई, तो कायचा गार्ड?"

मी म्हटलं, हे पाळणाघर आहे.

"तेच सांगून राहिलो न मी," ते म्हणाले.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, एका हातात हिरवं निशाण आणि दुसऱ्या हातात लाल निशाण घेऊन काढलेली. मूळ घराणं वर्ध्याकडचं, पण त्यांचा जन्म रायपूरचाच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी नागपूरला दिलेली. तात्यापाऱ्यात त्यांचं दुमजली घर होतं. वर ते, टीटी आणि पार्सल; खाली दोन खोल्या, पुढं परछी म्हणजे ओसरी आणि मागं फरसबंद अंगण. मुलं त्यांना गार्डबाबा म्हणत. मी आधी काका म्हणून पाहिलं. त्यांनी ओ दिली नाही. मग मीही गार्डबाबाच म्हणू लागले.

राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. रायपूर एकदम राजधानी झालं आणि भोपाळहून ट्रकच्या ट्रक भरून फायली आल्या, फायलींमागं माणसं आली. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. पेंटर लोकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जिकडे पाहावं तिकडे पाट्यांवरचं मध्यप्रदेश खरवडून छत्तीसगढ़ लिहिणं चाललेलं. आलेल्यांपैकी कितीतरी घरांत नवराबायको दोघंही नोकरीत आणि आज्या मागं भोपाळला राहिलेल्या. मुलं ठेवायची कुठं? मला बालवाडीत शिकवायचा अनुभव होता आणि कामाला लागायची घाई होती. जागा तेवढी नव्हती. बऱ्या घरांना सरकारी कार्यालयं भाडेकरू म्हणून मिळत होती. या घरालाही एक मिळालं होतं. गार्डबाबांनी ते नाकारलं आणि मला होकार दिला. मी कारण विचारलं.

"फायल पडली तर रडत नाई," ते म्हणाले. "मग लक्ष ठेवाले मजा काय?"

जागा बघायला गेले तेव्हा माझ्याकडे यादी होती. माझ्याकडे नेहमीच असते. विजेची बटणं किती उंचीवर, जिन्याला कठडा आहे का, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, गॅसची टाकी कुठं ठेवली आहे, गजांमधलं अंतर किती, घरात जनावर आहे का. मी खोलीभर फिरत एकेक गोष्टीवर खूण करत होते. ते दारात उभं राहून बघत होते.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुमी उभ्यानं पाहून राहिल्या. पोट्टं काय उभ्यानं पायते?"

आणि ते खाली बसले. बसले म्हणजे हातागुडघ्यांवर आले, आणि खाकी अर्ध्या चड्डीत तो साठी उलटलेला माणूस रांगत रांगत पलंगाखाली गेला. टीटी जिन्यावरून बघत होता. आपला मालक अखेर शहाणा झाला असं त्याला वाटलं असावं, कारण शेपूट हलवत तोही मागोमाग पलंगाखाली शिरला. आतून एकेक वस्तू बाहेर यायला लागली. गंजलेलं ब्लेड. डांबराची गोळी. चण्याएवढा बॅटरीचा सेल. मग पलंगाखालून आवाज आला, की इथून टेबलावरचा कपडा हाताला येतो, कपड्यावर चहाची किटली असेल तर ती डोक्यावर येईल, हे लिहून घ्या. मी लिहून घेतलं. मग मीही पदर खोचला आणि रांगायला लागले. दाराआडची फिनेलची बाटली उभ्यानं मला दिसली नव्हती. रांगताना ती थेट नाकासमोर आली.

तेवढ्यात पोस्टमन आला. दोन मोठी माणसं आणि एक कुत्रा चार पायांवर हिंडताना त्यानं पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि उकिडवा बसून पत्र गार्डबाबांच्या हातात दिलं.

पुढं हा रोजचा नेम झाला. मुलं यायच्या आधी गार्डबाबा सगळं घर रांगून काढत. याला ते गाडीतपासणी म्हणत. तपासणी संपली की परछीत येऊन शिट्टी वाजवत, हिरवं निशाण दाखवत, आणि मगच मुलांना दार उघडं होई. बाहेर स्कूटरवर आईबाप घड्याळाकडे बघत खोळंबलेले असत. एक वडील रोज चिडत. त्यांना गार्डबाबांनी एकदा आत बोलावलं आणि सोबत रांगायला सांगितलं. ते सूटबूट घालून रांगले, त्यांना सोफ्याखाली स्वतःच्याच मुलीनं दडवलेली सुपारी सापडली, आणि त्यानंतर ते शिट्टी होईपर्यंत मुकाट उभे राहू लागले.

मुलांना बाहेर नेणं हा आणखी एक सोहळा. खडू, रंगीत कागद असलं काही घ्यायला आम्ही कधी कधी मुलांना सदर बाजारात नेत असू. रस्ता अरुंद, स्कूटरींची गर्दी, सराफांच्या दुकानांपुढं गाड्या उभ्या. पुढं मी, मध्ये दोरीला धरून मुलं, मध्येच दाई, आणि सगळ्यांत मागं गार्डबाबा. त्यांच्या पाठीवर पत्र्याची एक पाटी लटकत असे, पिवळ्या रंगाची मोठी फुली. आगगाडीच्या शेवटच्या डब्यावर असते तशी. ही पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, मागं काही सुटलेलं नाही. कापडाचे दुकानदार पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा विचारू लागले. नंतर नंतर तर आमची रांग रस्ता ओलांडू लागली की दुकानातून कुणीतरी ओरडून स्कूटरवाल्याला थांबवायचं, की अरे भैया, आखरी डिब्बा अभी निकला नहीं.

आता टीटीबद्दल सांगते. तपकिरी, मोठ्या हाडाचा, एक कान कायमचा दुमडलेला. पिल्लू असताना कुठल्याशा आडस्टेशनवर गार्डबाबांच्या डब्यात चढला आणि उतरायला तयारच झाला नाही. वरच्या मजल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तो बुटांपासून वास घेत तपासायचा आणि तपासून झाल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचा नाही, म्हणून नाव टीटी, तिकीट तपासनीसाचं. वयानं तो मुलांचा आजोबा होता आणि स्वभावही तसाच होता. पण कुणी म्हटलं, की किती गरीब कुत्रा आहे हो तुमचा, चावत नाही ना, तर गार्डबाबांचा चेहरा कडक होई.

"असं म्हणू नये. अजून चावला नाई, असं म्हणावं."

त्या कुत्र्यावर त्यांचा जीव होता. पण जीव आहे म्हणून भरवसा टाकावा, हे त्यांना मान्य नव्हतं. पार्सलचंही तेच. मांजर बाळाच्या अंगावर रागानं बसत नाही, ऊब मिळते म्हणून बसते, आणि म्हणूनच जास्त जपायचं, असं सांगून त्यांनी जुन्या मच्छरदाण्या कापल्या आणि प्रत्येक पाळण्याला जाळीचं झाकण शिवलं. स्वतः शिवलं, उसवलं, परत शिवलं. पार्सलची वाळूची पाटी वरच्या मजल्यावर. टीटीचं जेवणाचं भांडं अंगणात, टाकीच्या मागं, मुलांच्या नजरेआड. जनावराला हात लावला की साबण. सुया टोचल्याची कार्डं मुलांची एका खिळ्याला, टीटी आणि पार्सलची दुसऱ्या खिळ्याला, आणि गार्डबाबा दोन्ही सारख्याच काळजीनं तपासत.

आता अंगण. खरी गोम तिथं होती.

अंगणाला दोन दारं. एक मुलांच्या खोलीतून, एक जिन्यातून. नळ अंगणात, खेळायची जागा अंगणात, टीटीचं ऊन खायचं ठिकाण अंगणात. म्हणजे दोन्हीकडच्या गाड्या आणि मध्ये एकच रूळ. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेत एक पद्धत आहे. ड्रायव्हरला एक गोळा देतात, टोकन. तो हातात असल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नाही, आणि गोळा एकच असल्यामुळे रुळावर गाडीही एकच असते. गार्डबाबांनी टोपल्या विणणाऱ्या कंडऱ्याकडून वेताची मोठी कडी करून घेतली, तिला कापडी पिशवी शिवली, आणि पिशवीत मोडक्या पलंगाच्या खुराचा पितळी गोळा घातला. कडी मुलांच्या दाराशेजारी खुंटीला. मुलं अंगणात न्यायची असतील तर मी कडी खांद्यात अडकवायची. टीटीला उतरवायचा असेल तर गार्डबाबांनी येऊन न्यायची. खुंटी रिकामी असेल तर अंगणात कुणीतरी आहे. बस. पुढं विचारायचं नाही, डोकावायचं नाही, जायचं नाही.

मला वाटलं, मुलांना हे कळायला महिने लागतील. त्यांना ते जेवणाच्या आधी कळलं. मुलांना नियम आवडतात, फक्त त्यात हातात धरायला काहीतरी पाहिजे. घरोघरी टोकनं झाली. एका आईनं तक्रार केली की मुलगा बाबांना न्हाणीघरात जाऊ देत नाही, दारात उभा राहून टोकन मागतो, आणि बाबांची मंत्रालयाची बस रोज चुकते. गार्डबाबांनी ती तक्रार मान खाली घालून ऐकली. त्या गेल्यावर मला म्हणाले, पोट्टा तयार होऊन राहिला.

दिवसातून एकदा क्रॉसिंग असे. दोन गाड्या एका स्टेशनात उभ्या राहतात तशी. टीटीला दोरी, दोरी गार्डबाबांच्या मनगटाला. मुलं दोन दोन, माझ्यासोबत. वरून डोक्यावर हात न्यायचा नाही. मूठ बंद करून खालून, बाजूनं पुढं करायची, त्याला वास घेऊ द्यायचा. त्यानं तोंड फिरवलं तर आज नाही. ज्यांचा दिवस टीटीनं तोंड फिरवण्यात जाई ती मुलं रडत नसत. उद्याची गाडी, असं म्हणत साबणाकडे जात.

पहिली दिवाळी झाली आणि मग ते प्रकरण निघालं. दोन गल्ल्या सोडून कुठल्याशा रस्त्यावरच्या कुत्र्यानं शाळेत जाणाऱ्या एका मुलाची पोटरी धरली. मुलाला विशेष झालं नाही, सुया घ्याव्या लागल्या. पण संध्याकाळपर्यंत ती बातमी आमच्या सगळ्या आईबापांपर्यंत पोचली आणि पोचता पोचता तो कुत्रा आमचा झाला.

दुसऱ्या दिवशी मिनीच्या आई आल्या. मिनी म्हणजे आमच्याकडची चार वर्षांची, सगळ्यांत बोलकी. तिच्या आई मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होत्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणत असू. शांत, नेमकं बोलणाऱ्या. कुत्र्याला त्या इतक्या भीत की रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जात. त्या म्हणाल्या, दीदी, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण कुत्ता या बच्चे. एक घर में दोनों नहीं.

त्या बोलल्या म्हणजे बाकीचे आईबाप बोलले, हे मला माहीत होतं. मिनी गेली तर आठवड्यात सगळी मुलं जातील. मी वर निरोप पाठवला. गार्डबाबा खाली आले, उभ्यानंच सगळं ऐकलं.

"टीटीले मी कुठं सोडणार नाई," ते म्हणाले. "तो जाईन तर मी बी जाईन. नागपूरले, पोरीकडं. बाई, तुमी घर ठेवा. पोट्ट्याईले सांभाळा."

ते रागानं बोलले नाहीत. गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. त्यांना कुत्रा घालवायचा होता, म्हातारा माणूस घालवायचा नव्हता. त्या म्हणाल्या की मी एक दिवस स्वतः येऊन बघते, न सांगता. तोपर्यंत तुम्ही सामान बांधू नका.

गार्डबाबांनी सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांची लोखंडी ट्रंक येऊन बसली, आणि तिच्यावर घडी घातलेलं टीटीचं पांघरूण.

मला काय हवं होतं ते सांगते. मला दोन्ही हवं होतं. पाळणाघर हवं होतं आणि ते पहाटे रांगून काढणारा माणूसही हवा होता. पण हे मॅडमना कसं पटवायचं, ते माझ्या कुठल्याच यादीत बसत नव्हतं. दाईनं सुचवलं की मॅडम यायच्या दिवशी टीटीला गुढ़ियारीला आपल्या घरी नेऊन बांधते. गार्डबाबांनी ऐकलं आणि त्यांना इतका राग आला की ते दाईशी दुपारपर्यंत बोलले नाहीत. कुत्रा लपवून दाखवलेलं घर बघून मॅडम काय ठरवणार? आणि जे ठरवतील ते काय कामाचं?

मॅडम आल्या तो दिवस असा. दुपारची जेवणाची वेळ. मुलं हात धुवायला दाराशी रांगेत. मी कडी घ्यायला हात वर केला तर खुंटी रिकामी.

गार्डबाबांना हाक मारली. उत्तर नाही. परछीतून शेजारणीनं सांगितलं, ते मघाशीच सदर बाजाराकडे गेले, लगबगीनं, खांद्यात ती कडी अडकवून. मला उलगडा झाला. मॅडमना जुनी दोरी दिसू नये म्हणून चामड्याचा नवा पट्टा आणायचं त्यांच्या डोक्यात दोन दिवस घोळत होतं, आणि दुकान दुपारी बंद व्हायचं. कडी खांद्यात कशी राहिली, ते मात्र कळेना.

खिडकीतून पाहिलं. अंगण रिकामं. जिन्याचं दार लोटलेलं. दाई म्हणाली, "कुकुर तो ऊपर मा हे, दीदी. चला न." मी म्हटलं, नको, शेजारून बादलीभर पाणी आण, आज इथंच हात धुऊ. ती बादली घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडली आणि त्याच दारानं मॅडम आत आल्या.

त्यांना दिसलं ते असं. मुलं भिंतीला टेकून भुकेली बसलेली, डबे बंद, घरमालक बेपत्ता. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ते चमत्कारिक वाटलं.

"यानी एक कड़ा नहीं है, इसलिए बच्चे भूखे बैठे हैं?" त्या म्हणाल्या, आणि सरळ अंगणाच्या दाराकडे गेल्या. कडीकोयंड्यावर हात ठेवला.

मिनी उठली. दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"मम्मी, टोकन?"

"बेटा, कुत्ता ऊपर है."

"खूँटी खाली है," मिनी म्हणाली. "खूँटी खाली है तो लाइन पर गाड़ी है."

मॅडम तिला बाजूला करायला वाकल्या. आणि दारापलीकडून आवाज आला. फरशीवर ॲल्युमिनियमचं भांडं सरकल्याचा. जरा थांबून परत. टीटीचे दात झिजले होते. तो सावकाश जेवायचा, आणि शेवटचा भात चाटताना भांडं नाकानं ढकलत टाकीमागून बाहेर आणायचा.

मॅडमनी कोयंड्यावरचा हात काढून घेतला, मिनीकडे पाहिलं, आणि मग रांगेच्या शेवटी, मुलांच्या छोट्या खुर्चीवर जाऊन बसल्या. गुडघे हनुवटीपाशी आले होते.

अशा वेळी गार्डबाबा आले. घामाघूम, हातात नवा पट्टा, खांद्यात वेताची कडी. त्यांनी रांग पाहिली. मॅडमना पाहिलं. मग हात खांद्याकडे गेला आणि ते उंबऱ्यातच खाली बसले. टीटीला जेवायला उतरवताना घेतलेली कडी खांद्यातच होती आणि ती घेऊन ते बाजारभर हिंडून आले होते. मागाहून कळलं की सराफांच्या ओळीत तिघाचौघांनी त्यांना हटकलंही होतं, की गार्डसाहब, गाडी कहाँ छोड़ आए.

"टोकन घेऊन गार्ड बाजारात गेला," ते मॅडमकडे न बघता म्हणाले. "कुत्रा जेवून राहिला होता, अन् त्याच्यापाशी कोणी नाई. चूक माझी हाय. मी संध्याकाळच्या गाडीनं त्याले घेऊन निघतो."

मॅडम शांतपणे विचारू लागल्या, एखादी फाईल वाचावी तशा.

"कुत्ता अंदर था. कड़ा आपके पास था."

"होय."

"और अंदर कोई नहीं गया."

गार्डबाबा हातातला पट्टा गुंडाळू लागले.

"लाइन बंद ही तो रही, बाबूजी," मॅडम म्हणाल्या. "खुली तो नहीं रह गई."

हे माझ्या आधी गार्डबाबांना समजलं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. माणूस चुकला तरी गाडी उभी राहिली पाहिजे, पळत सुटता कामा नये. त्यांनी मान वर केली. मग उठले, कडी खुंटीला लावायला निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबले, कारण टीटी अजून अंगणातच होता. कडी परत खांद्यात अडकवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी कुत्रा बघायचा म्हटलं तर त्यांनाही थांबावं लागलं. तो जेवलाय खरा, पण अजून भांडं सोडलेलं नाही, असं गार्डबाबांनी सांगितलं. त्या थांबल्या. त्या संध्याकाळी ट्रंक जिन्यावरून आत गेली. पांघरूण टीटीनं स्वतः ओढत नेलं.

त्यानंतर गार्डबाबांनी दोन गोष्टी केल्या. एक, कडीला एवढं मोठं घुंगरू बांधलं की ती खांद्यात घेऊन कुणाला नकळत घराबाहेर पडताच येऊ नये. दुसरी, परीक्षा. मुलांना नियम येतात आणि आईबापांना येत नाहीत, हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं. मग प्रत्येक आईबापाची तोंडी परीक्षा, परछीत, उकिडवं बसून. कुत्रा झोपला असेल तर काय कराल? लांबून नाव घेऊन हाक मारू. मांजर पळून कपाटावर गेली तर? जाऊ देऊ. कुत्रा गुरगुरला तर? इथं निम्मे आईबाप नापास होत, कारण ते म्हणत, त्याला रागावू. गार्डबाबा मान हलवत.

"त्यानं शिट्टी देली न तुमाले. शिट्टीवाल्याले काहून रागावता?"

तोंडी परीक्षेत मॅडम पहिल्या आल्या. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर. राहिलं प्रात्यक्षिक: मूठ बंद करून खालून पुढं करायची आणि कुत्र्याला वास घेऊ द्यायचा. सगळ्या आईबापांचं झालं. मॅडमची मूठ अर्ध्यावर येई आणि थांबे. टीटी बिचारा वाट पाहून पाहून खाली बसे. मॅडम म्हणत, अगले सोमवार. गार्डबाबा म्हणत, घाई नाई, सिग्नल पडल्यावरच गाडी सुटते.

टीटी पुढं कितीतरी हिवाळे जगला आणि एका सकाळी जिन्याच्या पायथ्याशी, उन्हात, झोपेतच गेला. मुलांनी त्याचं नाव हजेरीतून काढू दिलं नाही. गार्डबाबांनी काही दिवस कडी खुंटीवरून काढलीच नाही. मग गुढ़ियारीच्या मालधक्क्याजवळून एक काळं पिल्लू शर्टाच्या आत घालून आणलं आणि त्याचं नाव ठेवलं रिलीव्हर. ड्यूटी संपली की बदली येतो, तो रिलीव्हर. त्याला सगळे नियम शिकवून झाल्यावर, दोन वर्षांनी, गार्डबाबाही गेले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. आदल्या दिवशी पहाटे त्यांनी घर रांगून काढलं होतं. आता मी काढते. गुडघे कुरकुरतात, पण उभ्यानं काही दिसत नाही.

मॅडम निवृत्त झाल्या. भोपाळला परत न जाता इथंच राहिल्या. मिनी बाहेरगावी शिकायला गेली आणि तिथून फोन करून आईला विचारते, झालं का? दर सोमवारी दुपारी मॅडम आमच्याकडे चहाला येतात. मुलं झोपलेली असतात. मी कडी घेते, रिलीव्हरला पट्टा लावते, क्रॉसिंगला बसते. त्या समोरच्या छोट्या खुर्चीवर बसतात, पदर नीट करतात, मूठ मिटतात.

या सोमवारी मूठ नेहमीपेक्षा पुढं आली. रिलीव्हरच्या नाकापासून वीतभर. त्याच्या मिशा हलल्या. मग त्यांनी मूठ हळूच मागं घेतली, मांडीवर ठेवली, आणि म्हणाल्या, चहा थंड होतोय.

मिनीच्या आई, प्रात्यक्षिक: बाकी.